निरसे दूध : बंदी, परवाना की जबाबदारी?

(तंजावूर राजवाडा परिसरातील दूध-व्यवहाराच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात पहाटेचे दूध दोन वाटांनी येते. एक वाट पिशवीची. तमिळनाडूच्या सहकारी दूध महासंघाच्या ‘आविन’च्या निळ्या, हिरव्या आणि नारिंगी पिशव्या उजाडण्यापूर्वीच दुकानांच्या पायरीवर येऊन पडतात. दुसरी वाट कॅनची. आसपासच्या खेड्यांतून सायकलीवर किंवा मोटारसायकलीवर कॅन लादून माणूस येतो आणि मापाने दूध घालतो. या वस्तीत तमिळ घरे आहेत, सौराष्ट्री विणकरांची घरे आहेत, आणि व्यंकोजी राजांच्या काळापासून येथे रुजलेली, घरात आजही मराठी बोलणारी घरेही आहेत. घर कोणतेही असो, दूध घरात आले की पहिले काम एकच : ते चुलीवर चढते, उतू जाईपर्यंत तापते, आणि त्यानंतरच त्याची कॉफी होते.

या दुसऱ्या वाटेच्या दुधाला मराठीत नेमका शब्द आहे : निरसे दूध. असे दूध विकू द्यावे की नाही, हा वाद आज जगातील अनेक देशांत चालू आहे. काही देशांत त्यावर बंदी आहे आणि ती उठवावी अशी मागणी आहे. भारतात परिस्थिती नेमकी उलटी आहे. येथे सुटे दूध विकणे कायदेशीर आहे, आणि आरोग्याच्या नावाखाली ते बंद करावे, सर्व दूध पिशवीतूनच विकले जावे, असा विचार वेळोवेळी पुढे येतो. दोन्हीकडे प्रश्न एकाच भाषेत मांडला जातो : बंदी की स्वातंत्र्य? प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे. दूध सुरक्षित करायला खर्च येतो. तो खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

पाश्चरीकरणाचा वर्गीय इतिहास

प्रथम शास्त्राची बाजू स्पष्ट केली पाहिजे, कारण शास्त्राला बगल देऊन कष्टकऱ्यांचे हित साधत नाही. निरशा दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस, साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे रोग माणसाला होऊ शकतात. दूध ६३ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केले की हे जंतू मरतात. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि बाधित गायींच्या निरशा दुधातही तो आढळला. पाश्चरीकरणाने तो निष्प्रभ होतो, हेही प्रयोगांनी दाखवले. तेव्हा निरसे दूध न तापवता पिणे हे आरोग्याचे लक्षण आहे, असा जो प्रचार आज चालतो, त्याला शास्त्राचा आधार नाही. धारोष्ण दुधाची गोडी गाणाऱ्यांनी गोठ्यातील मुलांच्या आजारांची मोजदाद कधी केली नव्हती.

परंतु पाश्चरीकरण सक्तीचे का करावे लागले, हा इतिहासही तितकाच महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क शहरात दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे उभे राहिले. भट्टीतील चोथा स्वस्त होता. तोच गायींना खाऊ घालण्यात येई. अंधाऱ्या गोठ्यांत रोगट झालेल्या गायींचे दूध कामगारवस्त्यांतील मुलांना विकले जाई. १८५८ साली वृत्तपत्रांनी हा प्रकार उघडकीस आणला. यानंतर दोन उपाय पुढे आले, आणि योगायोग असा की दोन्हींचा प्रारंभ १८९३ या एकाच वर्षी झाला. नेथन स्ट्रॉस यांनी न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे काढली. त्याच वर्षी न्यूअर्क येथील डॉक्टर हेन्री कॉइट यांनी ‘प्रमाणित दूध’ सुरू केले. हे दूध निरसेच, पण वैद्यांच्या देखरेखीखालील स्वच्छ गोठ्यातून येणारे, आणि म्हणून महाग. श्रीमंताच्या मुलासाठी स्वच्छ गोठा आणि गरिबाच्या मुलासाठी तापवलेले दूध, अशी ही विभागणी झाली. १९०८ मध्ये शिकागो शहराने पाश्चरीकरण सक्तीचे केले. स्कॉटलंडने १९८३ मध्ये निरशा दुधाच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेच्या संघ सरकारने १९८७ मध्ये राज्यांच्या सीमा ओलांडून होणारी अशी विक्री थांबवली. कॅनडाने १९९१ मध्ये देशभर बंदी केली.

या उपायाने असंख्य बालकांचे प्राण वाचले, यात शंका नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पाश्चरीकरणाला यंत्रसामग्री लागते, यंत्रसामग्रीला भांडवल लागते, आणि ज्याच्याकडे यंत्र असते त्याच्या दाराशी दूध घेऊन जाण्यावाचून लहान उत्पादकाला गत्यंतर राहत नाही. रोगजंतू मारणारे यंत्र भाव पाडणारे यंत्रही होऊ शकते.

आणंदचा धडा

महाराष्ट्रातील वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या दूध योजनेसाठी खेडा जिल्ह्यातील दूध पाश्चरीकृत करून रेल्वेने आणण्याचे काम पोल्सन या खाजगी कंपनीकडे एकहाती सोपवले गेले. शहराला सुरक्षित दूध मिळावे हा हेतू रास्त होता. परंतु शेतकऱ्याला पोल्सन देईल तो भाव घ्यावा लागे. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा झाली, आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदवला गेला, जो पुढे ‘अमूल’ म्हणून प्रसिद्धीस आला. त्या शेतकऱ्यांनी यंत्राला विरोध केला नाही. यंत्र आपल्या मालकीचे असावे, एवढाच आग्रह धरला. निरशा दुधाच्या संपूर्ण वादातील कळीचा मुद्दा या एका वाक्यात सामावलेला आहे.

पुढे १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० ते १९९६ या काळात ‘ऑपरेशन फ्लड’ राबवले गेले. तमिळनाडूत १९८१ मध्ये सहकारी महासंघ उभा राहिला. आणंदचा नमुना देशभर पोहोचला. परंतु आणंदच्या खेड्यात ज्याच्या हाती जमीन होती, त्याची स्थिती आणि कावेरीच्या खोऱ्यातील भूमिहीनाची स्थिती एक नव्हती.

कावेरीच्या खोऱ्यातील ‘दूध’

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तेथे हजारो हस्तलिखिते जतन केली आहेत, मराठ्यांच्या कारभाराचे मोडी दप्तर आहे, आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील पदार्थ सांगणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ नावाचे मराठी पुस्तकही तेथूनच प्रकाशित झाले आहे. राजवाड्याच्या पाकशाळेत दूध-तुपाला तोटा नसणार, हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही. पण त्याच तंजावूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील भाताच्या शेतांत ‘दूध’ या शब्दाला एक वेगळाच अर्थ होता, आणि तो कोणत्याही पाकशास्त्रात सापडणार नाही.

तमिळमध्ये साणी म्हणजे शेण आणि पाल म्हणजे दूध. ‘साणिप्पाल’ म्हणजे शेणाचे दूध. मिरासदाराच्या शेतावर बांधलेल्या दलित शेतमजुराला, पण्णैयाळाला, कामावर उशिरा आला किंवा उलट बोलला म्हणून चाबकाचे फटके मारीत, आणि त्यानंतर पाण्यात कालवलेले शेण त्याला पाजीत. या शिक्षेला त्यांनी दुधाचे नाव दिले होते. गाय मिरासदाराची, गोठा मिरासदाराचा, गोठा साफ करणारा हात पण्णैयाळाचा, आणि त्याच्या वाट्याला येणारे ‘दूध’ हे असे. ‘मिरासदार’ हा शब्द मराठीतही आहे. त्याचा हा तंजावुरी अर्थ मराठी माणसाने विसरू नये.

कर्नाटकातून आलेले बी. श्रीनिवास राव आणि त्यांचे सहकारी यांनी चाळिशीच्या दशकात या मजुरांची किसान सभा बांधली. १९४४ साली मन्नारगुडी येथे झालेल्या करारात फटके आणि साणिप्पाल या दोन्ही शिक्षा बंद करण्याचे मिरासदारांना मान्य करावे लागले. १९५२ मध्ये तंजावूर कुळे व पण्णैयाळ संरक्षण अध्यादेश निघाला. एखाद्या जनसमूहाला शेण पिण्यास नकार देण्यासाठी संघटना बांधावी लागली, हे ज्या भूमीत घडले, त्या भूमीत दुधाची चर्चा केवळ जंतूंची आणि तापमानाची चर्चा राहू शकत नाही.

पुढे शेतीची रीत पालटली. या खोऱ्याची मूळची उंबळच्चेरी जात चिखलणीच्या कामाला काटक. दूध मात्र बेताचेच. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरज घटली, संकरित गायी आल्या, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही अशा घरांतही एखादी गाय बांधली जाऊ लागली. २०११ साली तमिळनाडू सरकारने गरीब ग्रामीण कुटुंबांतील स्त्रियांना दुभत्या गायी मोफत देण्याची योजना सुरू केली. पाच वर्षांत ६०,००० गायी वाटण्याचे उद्दिष्ट होते. साणिप्पालाच्या पिढीच्या नातीच्या दाराशी स्वतःची गाय बांधली जाणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गाय हाती आली म्हणजे भाव हाती आला असे होत नाही. ज्या गावात सहकारी सोसायटी नाही, किंवा आहे पण दूध उशिरा उचलते आणि पैसे त्याहून उशिरा देते, तेथे ही स्त्री दूध कोणाला घालणार? कॅनवाल्याला. सोसायटी असूनही तिचे दार सर्वांसाठी सारखेच उघडे असते असे नाही. ११ राज्यांतील ५६५ खेड्यांच्या पाहणीवर आधारित, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ या ग्रंथाने दलितांना दूध सोसायटीत दूध घालण्यास मज्जाव होत असल्याचे प्रकार नोंदवले आहेत. अशा स्थितीत सुट्या दुधाची विक्री उद्या एका आदेशाने बंद केली, तर पहिला घाव कोणावर पडेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

‘डिग्री’ आणि तिच्या मर्यादा

मग सुट्या दुधावर विश्वास कसा ठेवावा? राजवाड्याच्या परिसरातील जुन्या गृहिणीला हा प्रश्न नवा नाही. तंजावूर जिल्ह्यातीलच कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ सर्वश्रुत आहे. या नावाची एक रूढ उपपत्ती अशी की लॅक्टोमीटरवर पुरेशी ‘डिग्री’ भरणारे, म्हणजे पाणी न घातलेले दूध त्या कॉफीत वापरीत. महाराष्ट्रातही दुधाला डिग्री लागते की नाही, याची चौकशी संकलन केंद्रावर रोज होते. परंतु लॅक्टोमीटर केवळ घनता मोजतो. पाणी घातल्याने घटलेली घनता साखर किंवा युरिया मिसळून पुन्हा वाढवता येते, आणि गायीला कासदाह आहे की नाही, दुधात प्रतिजैविकाचा अंश आहे की नाही, हे तर त्याला मुळीच कळत नाही.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील दोन गोष्टी या वादाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पहिली ही की आरोग्यास अपायकारक भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली. सुटे दूध म्हणजे विषच, हा समज त्यामुळे टिकत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. अशा नमुन्यांत तमिळनाडूचा क्रमांक वरचा होता. आणि सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात त्याचे प्रमाण जास्त होते.

हे विष येते कोठून? भुईमुगाच्या किंवा सरकीच्या पेंडीला, मक्याला दमट हवेत बुरशी लागते. त्या बुरशीचे विष गायीच्या पोटातून दुधात उतरते. उकळल्याने ते जात नाही, पाश्चरीकरणानेही जात नाही. म्हणजे ज्या यंत्राच्या भरवशावर सुटे दूध बंद करावे असे सांगितले जाते, ते यंत्र या विषापुढे हतबल आहे. कोरडी, बुरशी नसलेली पेंड गायीपुढे पडली तरच हा धोका टळतो. पेंडीच्या पोत्यावर देखरेख कोणाची? कासदाह झालेल्या गायीला वेळेवर पशुवैद्य कोण देणार? औषध दिलेल्या दिवसांचे दूध ओतून टाकायचे, तर त्या दिवसांची भरपाई कोण करणार? दुधाची सुरक्षितता पिशवीच्या तोंडाशी सुरू होत नाही. तिची सुरुवात गोठ्यात होते.

केनियाचा अनुभव

याच प्रश्नाला आफ्रिकेतील केनिया देशाने दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. तेथे शहरांत निरसे दूध विकणे बेकायदा होते, आणि तरीही बहुसंख्य गरीब तेच दूध घेत होते, कारण ते स्वस्त आणि दाराशी मिळे. परिणाम असा की विक्रेता पोलिसाला चुकवीत फिरे, कॅन पकडला गेला की दूध ओतले जाई, आणि मोठ्या प्रक्रिया कंपन्या जाहिरातींतून सुट्या दुधाची भीती घालीत. १९९७ ते २००५ या काळात चाललेल्या लहान दूध उत्पादकांच्या प्रकल्पातील संशोधकांनी दाखवून दिले की ग्राहक जवळजवळ सर्वत्र दूध उकळूनच वापरतात, आणि खरी गरज विक्रेत्याला शिकवण्याची आहे. २००४ च्या सुमारास तेथील धोरण बदलले. विक्रेत्यांना स्वच्छतेचे आणि साध्या चाचण्यांचे प्रशिक्षण, झाकणाचे धातूचे कॅन आणि प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ झाला. जो लपत होता तो उजेडात आला, आणि जो उजेडात येतो त्याच्याच दुधाची तपासणी होऊ शकते. बंदीने दूध स्वच्छ होत नाही. ते केवळ दृष्टिआड होते.

भारतात २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी लहान विक्रेत्यासाठी अल्प शुल्काच्या नोंदणीची तरतूद केली. परंतु केवळ नोंदणीचा कागद हाती देऊन प्रशिक्षण, चाचणी आणि थंड ठेवण्याची सोय दिली नाही, तर तो कागद अधिकाऱ्याला विक्रेत्याला अडवण्याचे साधन तेवढे पुरवतो.

नवे दावेदार

दरम्यान बाजारात दोन नवे दावेदार उतरले आहेत. एकीकडे महानगरांत काचेच्या बाटलीतून, देशी गायीचे ‘ए-२’ म्हणून, सामान्य दुधाच्या कितीतरी पट भावाने दूध विकले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘ए-१’, ‘ए-२’ असे दावे वेष्टनावरून काढण्याचा आदेश दिला, आणि काही दिवसांतच तो मागे घेतला. डॉक्टर कॉइट यांचे ‘प्रमाणित दूध’ सव्वाशे वर्षांनी नव्या बाटलीतून परतले आहे.

दुसरीकडे मोठ्या संस्था दूध-संकलनासाठी परस्परांच्या क्षेत्रात शिरत आहेत. २५ मे २०२३ रोजी तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी केंद्रीय गृह व सहकार मंत्र्यांना पत्र लिहून अमूलने आविनच्या क्षेत्रात दूध-संकलन करू नये, अशी मागणी केली. ज्या संस्थेचा जन्म एका मक्तेदाराविरुद्धच्या संपातून झाला, तिचे नाव अशा तक्रारीत यावे, हा इतिहासाचा उपरोध आहे. पण आविनलाही आत्मपरीक्षण टळणार नाही. १६ मे २०२१ पासून ग्राहकासाठी लिटरमागे ३ रुपये कपात झाली. उत्पादकाला लिटरमागे ३ रुपयांची वाढ मिळाली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि तीही आंदोलनाच्या दडपणानंतर. स्वस्त दुधाचा भार सरकारने उचलायचा असतो. तो गाय पाळणाऱ्या स्त्रीच्या माथी मारायचा नसतो.

मागण्या आणि कार्य

या विवेचनातून निघणारी भूमिका स्पष्ट आहे.

उकळून वापरण्यासाठी सुटे दूध विकण्याचा लहान उत्पादकाचा व विक्रेत्याचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. त्याच वेळी न उकळता पिण्याचे आरोग्यदायी दूध म्हणून निरशा दुधाची जाहिरात करण्यास सक्त मनाई हवी. एक उपजीविकेचा प्रश्न आहे, दुसरा फसवणुकीचा.

प्रत्येक विक्रेत्याला सरकारी खर्चाने प्रशिक्षण आणि झाकणाचा कॅन मिळाला पाहिजे, आणि नगरपालिकेच्या फिरत्या प्रयोगशाळेत सुट्या व पिशवीच्या दुधाची सारख्याच कसोटीने तपासणी होऊन निकाल वस्तीत जाहीर झाला पाहिजे.

सोसायटीत दुधाचे वजन, फॅट आणि डिग्री उत्पादकाच्या डोळ्यांदेखत मोजली जावी, आणि त्याची पावती तेथेच मिळावी. जातीच्या कारणाने कोणाचेही दूध नाकारणाऱ्या सोसायटीवर कायदेशीर कारवाई झाली पाहिजे. पेंडीची तपासणी, जनावरांचे लसीकरण आणि पशुवैद्यक ही सार्वजनिक जबाबदारी मानली जावी.

यांतील एकही मागणी आपोआप मान्य होणार नाही. राजवाड्याच्या परिसरातील ग्राहक आणि खेड्यातील उत्पादक यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न होईल. एकाला भेसळीची भीती घालून आणि दुसऱ्याला पडत्या भावाची. या दोघांना एका सभेत बसवणे, हे पहिले संघटनात्मक कार्य आहे.

तंजावूरच्या एका पिढीने शेणाचे दूध ओठांना लावण्यास नकार दिला. त्या पिढीच्या नातीने पहाटे काढलेली धार राजवाड्यालगतच्या स्वयंपाकघरात निर्भयपणे पोहोचावी, आणि तिचा पुरा मोबदला त्याच दिवशी तिच्या हाती पडावा, एवढे जो कायदा साधेल, तो पक्का कायदा. जो कायदा तिचा कॅन रस्त्यावर ओततो, तो निरशा दुधापेक्षाही कच्चा समजावा.